गाडीचा वाटा

मी शालन, आचऱ्याची, जन्मापासून मासळीतली, आणि काय सांगू तुम्हाला, आई लिलावात बोली लावत होती तेव्हाच तिला कळा सुरू झाल्या, पण तिने आधी बांगड्यांची पाटी घेतली आणि मग मला जन्म दिला, मला पहिल्यांदा तोललं तेही मासळीच्याच काट्यावर, खोटं वाटत असेल तर वाटू दे. उभा जन्म डोक्यावर पाटी वाहिली, गुडघे गेले, तेव्हा जुनी छोटी गाडी घेतली, मागची सीट काढून तिथे क्रेट ठेवले आणि थेट पुळणीवर, वाळूत, रापणीपाशी जायला लागले.

रापण म्हणजे मोठं जाळं, होडीतून समुद्रात टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढतात, आणि रीत अशी की दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा. तर एक दिवस माझी गाडी वाळूत रुतली, चाकं अशी फिरली की विहीरच खणली, खाली पाणी लागलं, तेही गोडं. रापणकारांनी रापणीचाच दोर लावून, होऽ होऽ करत गाडी बाहेर काढली. काढली ती काढली, वर त्यांच्यातला पक्या म्हणतो, काकी, दोराक हात लागलो, आता आमचो वाटो दी. जाळ्यात मासळी नव्हती, गाडीच होती, म्हणून गाडीचेच वाटे पडले, हॉर्न पक्याचा, आरसा कुणाचा, आणि रापणीचा म्होरक्या भिकाजी म्हणाला, पुढचां डावां चाक माजां, आणि उद्यापासून गाडी पुळणीत घालू नको गो, आमी माशे ओढूक येतो, गाडी नाय. सगळे हसले. मला रडूच येत होतं, कारण रस्त्यापर्यंत पाट्या डोक्यावर न्यायच्या तर नवे गुडघे कुठून आणू?

तशीच कुडाळला टायरवाल्या मोहनकडे गेले. जुनी लोखंडी चाकं मासळीच्या खारट पाण्याने इतकी खाल्लेली की बोट आरपार जाईल. म्हटलं, अलॉयची घाल, आणि टायर म्हशीच्या पाठीएवढे रुंद. तो म्हणाला, काकी, गाडी भरल्यार खाली बसतली, टायर मडगार्डाक घासतलो. मी म्हटलं, तू बसव तर खरो. बसवले, आणि क्रेटच्या जागी दुकानातली चार जाडी गिऱ्हाइकं मागे कोंबून वळण घेतलं, तर असा आवाज आला की सासू परत आली वाटलं. मग मुकाट्याने थोडे कमी रुंद घेतले. पण काय दिसतात चाकं, ताज्या पापलेटासारखी! वाळूत शिरताना टायरातली हवा थोडी काढायची, हे त्यानेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पुळणीवर. पक्या म्हणाला, माझो हॉर्न बरो आसा मां? भिकाजी म्हणाला, माजां चाक खंय गेलां? मी जुनं गंजकं चाक त्याच्या पायाशी टाकलं, घे तुजो वाटो. म्हातारा फुगला, म्हणाला, आता रुतलंस तर दोर मिळाचो नाय.

पण त्या दिवशी निम्मी माणसं जामसंड्याला लग्नाला गेलेली, आणि जाळ्यात बांगडा एवढा की समुद्राची पातळी कमी झाली. ओढून ओढून हात सोलले, एका बाजूचा दोर हलेना, जाळं फाटायची वेळ. मी गाडी आणली, पुढच्या हुकाला दोर बांधला, रिव्हर्स टाकला. भिकाजी ओरडतोय, रुतली गो रुतली, आणि चाकं वाळूला अशी धरून चालली जशी कुर्ली, म्हणजे खेकडी, चालते. रापण आली, आणि बरोबर अर्धा समुद्र आला, तो नंतर आम्ही परत ढकलला.

मग भिकाजीने वाटे घातले, माणशी एक. एक माझ्यासमोर घातला, आणि आणखी एक माझ्या पुढच्या डाव्या चाकापाशी. म्हटलं, ह्यो कोणाचो? म्हणाला, गाडयेचो. दोराक तिचोय हात लागलो. आणि चाक आता तुजांच गो.

तेव्हापासून रोज गाडी पुळणीवर उभी असते आणि तिच्यापाशी तिचा ढीग पडतो. तुम्हालाही देव असं धरून चालणारं काहीतरी देवो. हॉर्न तेवढा पक्याने अजून सोडलेला नाही, वाजवताना त्याला विचारावं लागतं.