तीन म्हाताऱ्यांसाठी वरचा मजला

— बॅचलर म्हणजे तसले बॅचलर नव्हेत हो आम्ही, हयवदनराव. तिघांची वयं मिळवली तर दोनशे सहा भरतात. ‘फक्त कुटुंबासाठी’ असा बोर्ड लावलाय तुम्ही, वाचला की, तरी आलो. मराठी बोलणारा मालक म्हटल्यावर स्वल्प धीर आला, दुसरं काय. हेब्बाळला एका घरमालकानं दारातूनच विचारलं, लेडीज कोण आहेत? म्हटलं, होत्या — आता तिघींचे फोटो आहेत, खिळे ठोकायला परवानगी द्या. तो हसला नाही. तुम्हीही हसला नाहीत म्हणा.

तर मी उमाकांत. मूळचा निपाणीकडचा, इथं बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात फोरमन होतो, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. देवाप्पा आमच्याच कॅन्टीनला होता. त्याच्या हातची भाकरी एकदा खाल्लीत ना, तर तुम्हीच रोज वर याल जेवायला. तिसरा हणमंतराव, शाळामास्तर. मुलं? आहेत की. वाईट नाहीत, हे आधीच सांगतो — लोक लगेच मुलांना शिव्या द्यायला बसतात, मला ते आवडत नाही. माझा शुभंकर सॉफ्टवेअरमधे आहे, जेवताना ऑफिसचा फोन वाजला तरी ताटावरून उठतो. त्यानं वृद्धाश्रमाचा फॉर्म आणून ठेवलाय, होसूर रोडच्या बाजूला कुठंतरी. जागा चांगली आहे, मी बघून आलो. सहाला दूध, बाराला जेवण, आठला दिवे बंद, सगळं वेळेवर. पण जन्मभर भोंग्यावर उठलोय मी, आता पुन्हा कोण उठणार? देवाप्पाच्या मुलांनी वाटून घेतलंय त्याला, तीन महिने हा, तीन महिने तो — त्यामुळं तो पिशवी कधी पूर्ण रिकामीच करत नाही. आणि हणमंतरावला मुलगी म्हणते, मठात जाऊन सेवा करा. सेवेला गुडघे लागतात की हो. मग एका रविवारी बागेत बाकावर बसल्या बसल्या निघालं — तिघं मिळून एक घर घेऊ. स्वयंपाक देवाप्पाचा, बाजार माझा, हणमंतरावनं पेपर वाचून दाखवायचा, डोळे त्याचेच काय ते शाबूत. विसरतो थोडं. म्हणजे — गेल्या महिन्यात दूध आणायला निघाला आणि के. आर. पुरमच्या स्टेशनवर सापडला. रस्ते विसरतो, माणसं नाही. म्हणून तर रात्री कुणीतरी शेजारच्या खाटेवर पाहिजे त्याला. हे सांगायचं नव्हतं मला. जाऊ दे, सांगून झालं.

सरी, ठीक आहे. तुमच्या अटीवर येऊ. कुणाचं जास्त झालं की लगेच दवाखान्यात हलवायचं, वर काही होऊ द्यायचं नाही, असं लिहून पाहिजे तुम्हाला. बरोबर आहे तुमचं. खाली देवघर, नातवंडं — आणि पंचकात कोणी गेलं तर सहा महिने घर बंद ठेवायचं, तुम्ही बायकामुलं घेऊन कुठं जाणार? आमच्यातही पाळतात. द्या कागद. मला काही नवीन नाही ते.

नवीन नाही म्हणजे — आमच्या शालनच्या वेळी केलंय ना. बायको माझी. शुभंकरच्या फ्लॅटची वास्तुशांत होऊन महिना झाला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, आता घरीच ठेवा, करण्यासारखं काही नाही. चार दिवस खिडकीपाशी पडून होती, बरी दिसत होती. मग भटजींनी पंचांग काढलं, म्हणाले दुपारपासून पंचक लागतंय. मुलावर-सुनेवर ढकलायचं नाही — मीच म्हटलं, गाडी बोलवा. मीच. तिला वाटलं तपासायला नेतायत, सुनेकडून केस विंचरून घेतले तिनं. दवाखान्यात खाट रिकामी नव्हती, पॅसेजमधे स्ट्रेचरवरच ठेवली. येणारेजाणारे धक्के देऊन जायचे. ती विचारायची, घरी कधी? मी म्हणायचो, डॉक्टर येऊ देत. कुठले डॉक्टर. अडीच तास विचारत होती. घर शुद्ध राहिलं बघा. त्याच घरात मला आता घास गिळवत नाही, आणि मुलाला वाटतं मी सुनेवर रुसलोय.

हो हो, लिहितोय की. ‘आम्ही तिघे कबूल करतो की’ — इथवर झालं. हणमंतरावची सही घेईन, पण त्याला उद्या आठवायचं नाही कशावर केली ते. म्हणजे वेळ आली की त्याला उचलून न्यायचं मीच. आणि तो गाडीत माझ्याकडं बघून विचारणार.

नाही. हे नाही व्हायचं माझ्याच्यानं. तुमचा दोष नाही, हयवदनराव, तुमच्या जागी मीही हाच कागद पुढं केला असता. पण आम्ही मरायलाच घर बघतोय हो, नुसतं राहायला तर होसूर रोडलाही खाट आहे. घ्या, फाडून टाका हा. कॉफी नको, आत अक्कांना म्हणावं उगीच त्रास घेऊ नका. दोघं खाली फाटकापाशी ताटकळलेत. त्यांना सांगेन, घर चांगलं आहे, पण वर पाणी चढत नाही.