कुत्र्याचे कान

वायोमिंगमधल्या त्या जनावरांच्या दवाखान्यात थेल्मा आपलं मांजर घेऊन बसली होती. शेजारी म्हातारा ऑरिन आणि त्याचा शेजारी डेल बोलत होते. ऑरिनचा कुत्रा आत तपासणीला नेला होता.

"सरकारी कुरणात वायूसाठी खोदायला बंदी आली, तेव्हा तूच सगळ्यांना बिअर पाजलीस ना?" डेलनं ऑरिनला विचारलं.

"पाजली, बाबा. तिथं बंदी, म्हणून आता कंपनीनं माझ्या कुंपणाशी खोदायचं यंत्र लावलंय. तिथून आडवं खोदत येताहेत, माझ्या जमिनीखालून."

"मग अडव की!"

"कसं अडवू? जमीन माझी, पण खालच्या वायूचा हक्क आजोबा कधीच विकून बसलेत."

"आणि कुत्र्याला काय झालंय?"

"जमिनीला कान लावून, खालचं काहीतरी ऐकत पडून राहतो. आधी कुंपणापाशी, मग गोठ्यात, मग स्वयंपाकघरात. कालपासून टेकडीवर, आमच्या मार्थाच्या थडग्यापाशी."

"मालकिणीची आठवण येत असेल रे."

"ती गेल्यावर आणलाय मी त्याला."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई कुत्र्याला घेऊन बाहेर आल्या.

"ऑरिन, काळजी नको. कान अगदी ठणठणीत आहेत याचे."

"बहिरा निघाला असता तर बरं झालं असतं, बाई."