बाप हाय माझा, इयत्ता पाचवी

…आन् वर मला म्हणती, "गुर्‍या, गप बस." मला! सत्तरी गाठलेल्या माणसाला! हसा, हसा. तुमाला काय, तुमचे बाप एकतर वर गेलेत न्हायतर कोपऱ्यात खोकत बसलेत. माझा बाप पाचवीत हाय, दोन वेण्या घालतोय, आन् माझ्या लुनाची किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवून शाळेत गेलाय. बाळीवेशीपासनं ह्या कट्ट्यापर्यंत मी चालत आलो, चालत! गुडघा कसा करकर वाजतोय, ऐकू येतंय का? न्हाय? जवळ या की जरा… राहू द्या. तक्रार तरी कुणाकडं करायची? बाप हाय माझा, काय बोलणार?

आता तुमाला सांगतो, मुळात चूक कुणाची. माझी न्हाय. रिवाजाची. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव पहिल्या नातवंडाला ठेवायचं. माझे वडील चनबसप्पा. अख्ख्या गल्लीत त्यांचा दरारा. उंबऱ्यावर बसून नुसतं "गुर्‍या, हिकडं ये" म्हणले की माझी चड्डी सैल व्हायची. मी कसला कारटा, तुमाला ठाऊक हाय. गड्ड्याच्या जत्रेत लाउडस्पीकरवाल्याला चहा पाजून मी पुकारायला लावलं, "बसलिंगप्पा नावाचं लहान पोरगं हरवलंय, निळी चड्डी हाय, नाक गळतंय, मामानं येऊन घेऊन जावं." बसलिंगप्पा कोण? आमच्या हिचा थोरला भाऊ, पन्नाशीचा, मिशीवाला, बायको-सुना घेऊन पाळण्यात बसलेला! अजून माझ्याशी बोलत न्हाय. तर असल्या मला जगात एकच माणूस आवरायचा, आन् तो गेला. मी रडलो. आन् खरं सांगू, रडता रडता म्हणलं, सुटलो.

मग पोराला पहिली मुलगी झाली. पोरगा माझा प्रभु, नावासारखाच, कशात न्हाय. सून दाक्षायणी. पाहुणे म्हणले, आता मुलगी झाली, वडलांचं नाव पुढच्या खेपेला. माझ्या डोक्यात किडा वळवळला. पुढच्या खेपेला का? ही काय नातवंड न्हाय? बारशाला माझी लेक दानेश्वरी आलती अक्कलकोटनं, आत्या म्हणून कानात नाव सांगायला. सगळ्यांनी महेश्वरी ठरवलेलं. मी तिला हळूच बाजूला घेतलं. ती वाकली पाळण्यावर आन् मोठ्यानं म्हणली, "चनबसप्पा!" बायकांच्या हातातल्या घुगऱ्या हातातच! मी हसून हसून भिंतीला टेकलो. शाळेत महेश्वरीच लावलं, पण घरात चनबसप्पा. म्हंजे अप्पा.

तुमी काय हसताय? तुमच्या घरात पोरीला "अरे राजा", "अरे सोन्या" म्हणत न्हाय का? हा चांदसाब बसलाय बघा, ह्यानं आपल्या पोरीला, अजीजाला, लहानपणापासनं 'पैलवान' म्हणलं, आता पैलवान ह्याच्या बिड्या हौदात बुडवतीय. पण ह्याचं नुसतं लाडाचं हो. माझं अवघड झालं. मोठ्या माणसाचं नाव म्हंजे सुनेनं तोंडातनं काढायचं न्हाय, अगं-तुगं करायचं न्हाय. दुपट्यातल्या पोरीला सून म्हणायची, "अप्पा, दूध पिता का?" पहिली भाकरी कुणाला? अप्पाला. भिंतीकडचा पाट कुणाचा? अप्पाचा. शेंगाचटणीत तेल जास्त कुणाच्या? इचारू नका. रांगत जाऊन तिनं माझी कवळी पाण्याच्या माठात टाकली तरी हात उगारता येईना. बाप हाय माझा, काय बोलणार?

आन् बोलायला लागल्यावर मीच शिकवलं की तिला! पाहुणे आले की मांडीवर घ्यायचं आन् म्हणायचं, "म्हण अप्पा, गुर्‍या, हिकडं ये." पाहुणे लोळायचे. पोरगी शिकली. नुसतं शिकली न्हाय, सूरसुद्धा त्योच काढला, खालनं वर जाणारा, उंबऱ्यावरला. तिनं कधी त्यांचा आवाज ऐकला न्हाय. कुठनं आणला असंल? माझी चड्डी मात्र तशीच सैल.

तर लुना. पंधरा दिवसांमागं मी चाललोय झोकात, समोरनं चांदसाब. म्हणलं मजा करू, दोन्ही हात सोडून नमस्कार केला. लुनाला नमस्कार कळला न्हाय, ती सरळ उसाच्या रसाच्या गाड्यात. रस अंगावर, मी लिंबासकट खाली. चांदसाब धावत आला, म्हणतो कसा, "गुरुभाई, जिंदा है क्या? अब्बा कू क्या बोलूं मैं?" माझी काळजी न्हाय, माझ्या अब्बाची! घरी आलो तर अप्पा उंबऱ्यावर. गुडघ्याला हळद लावली, फुंकर घातली, आन् हात पुढं केला. "गुर्‍या, किल्ली." मी पोराकडं बघितलं, पोरगा म्हणला, अप्पांना इचारा. सुनेकडं बघितलं, ती म्हणली, अप्पा म्हणतील तसं. अरे, घर कुणाचं हाय?

मी म्हणलं, आता बास. हे नावच काढून टाकतो. नाव गेलं की बापपण गेलं, राहिली नुसती नात, नातीला दटावता येतं. लेकीला फोन लावला, म्हणलं, तू कानात घातलंस, तूच काढ. ती म्हणली, "बाबा, नाव काय कानातला मळ हाय का?" पण आली बिचारी. आता ह्याचा विधी कुणालाच ठाऊक न्हाय. मीच शोधला. एका कानानं आत घातलंय तर दुसऱ्या कानात महेश्वरी म्हणायचं, म्हंजे ते हिकडनं ढकलून तिकडनं बाहेर! पोरीला पाटावर बसवलं. कळशी मांडली, नारळ फोडला. पोरगी रडली न्हाय, भांडली न्हाय. आत्या वाकली तशी एवढंच इचारलं, "मग तुमचे अप्पा?"

मी म्हणलं, "ते कवाच गेले."

ती म्हणली, "म्हंजे आज परत मेले?"

…तुमी कुणी हसा की आता. मगाशी तर लई हसत होता.

नाव काढलं. तिनं दोरा सोडवला, किल्ली माझ्या हातावर ठेवली. "घ्या अज्जा." अज्जा! अहो-जाहो! मी काय थांबतोय, लुना काढली, सात रस्त्यापर्यंत नुसती पळवली. जिकडं जायचं तिकडं गेलो. कुटं चाललास, कुणी इचारलं न्हाय. उशिरा आलो. उंबऱ्यावर कुणी न्हाय. मी आपला मुद्दाम खाकरलो, चप्पल आपटली. पोरगा टीव्हीत. दोन दिवस असंच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम घसरून पडल्याचं नाटक केलं, तर पोरगा म्हणला, "बाबा, जपून," आन् परत टीव्हीत.

आन् घरात काय चाललंय म्हणता? सुनेनं इतक्या वर्षांचं साठवलेलं काढलं. महे, भांडी घास. महे, पाय जवळ घेऊन बस. महे, मोठ्यानं हसू नको, महे, बाहेर खेळायचं वय हाय का हे? सून वाईट न्हाय हो. तिला तिच्या आईनं असंच वाढवलं, पोरीला असंच बोलायचं असतं असं तिला वाटतं. जेवायला बसलो. पहिली भाकरी मला. दुसरी प्रभुला. पोरगी दारात उभी, हातात पाण्याचा तांब्या. तीच पोरगी बघा, तेच नाक, त्याच वेण्या. मी नाव काढलं तर पाट बी गेला, भाकरी बी गेली, आवाज बी गेला. मला काय ठाऊक, नावाला एवढं सगळं लटकलेलं हाय? मला नुसती लुना पायजे होती की!

मला 'गुर्‍या' म्हणणारी माणसं आता कुटं राहिलीत? आई गेली. वडील गेले. आमच्या हिनं तर कधी नावच घेतलं न्हाय, ती बी गेली. बाकी सगळे अहो गुरुअण्णा, अहो बाबा, अहो अज्जा. एक होती, तिचं मीच नारळ फोडून उत्तरकार्य केलं.

उठलो, म्हणलं, "अप्पा, जेवायला बसा."

ती तांब्याकडंच बघत. "अप्पा मेले."

मग काय करणार? ह्या गुडघ्यावर बसलो, ह्याच, करकर वाजणाऱ्या. सुनेसमोर, पोरासमोर दोन्ही कान धरले. म्हणलं, "अप्पा, चुकलं. परत न्हाय करणार." पोरीनं लई बारीक नजरेनं बघितलं. मग तांब्या खाली ठेवला आन् हात पुढं केला.

"गुर्‍या, किल्ली."

दिली! काय करता? ती येऊन भिंतीकडच्या पाटावर बसली. सुनेनं तव्यावरची भाकरी उचलली, क्षणभर माझ्याकडं, क्षणभर पोरीकडं बघितलं, आन् तिच्या ताटात वाढली. म्हणली, "अप्पा, तेल घालू का चटणीवर?" मी आपला कोपऱ्यात, खाली मान घालून. कुणीतरी माझ्याकडं बघावं म्हणून जरा कण्हलो, तर भिंतीकडनं आवाज आला, खालनं वर जाणारा, "गुर्‍या, गप जेव."

इतकी गोड भाकरी मी… जाऊ द्या. लुना गेली ती गेलीच.

चला, उठतो. शाळा सुटायची वेळ झाली, बाप घरी यायच्या आत मला घरात पायजे. काय म्हणतोस चांदसाब, गाडीवर सोडतोस? बसलो असतो रे, गुडघा लई दुखतोय… पण नको. इचारलं न्हाय घरी.