वहिनी, मासे कुठायत?

...आणि पुसून पुसून जाणार काय, मला सांगा! काच पुसली की काच चकाचक होते, पण हिरवं काचेला लागलेलंच नाही मुळी, पाणीच हिरवं आहे! म्हणजे कसं, तुम्हाला सांगते, किटल्याच्या किटल्या हिरवा चहा कुणी काचेच्या पेटीत ओतावा आणि वर दिवा लावून ठेवावा, तस्सं! आणि ही माशांची टाकी काय लहान आहे? माझी लग्नातली पेटी आत मावेल एवढी. ती ठेवलीय कुठे, तर खिडकीसमोर. आपल्या मर्गिलानचं ऊन... छपरावर जर्दाळू टाकावेत आणि पाठ फिरवावी तर सुकून तयार! ते सगळं ऊन थेट टाकीत. तिथेच का? तर आमच्या ह्यांना ती तिथे शोभते असं वाटलं म्हणून. आणि ठेवून हे गेले रशियात, कझानला, बांधकामावर. मागे राहिलो मी, सासूबाई आणि पाणी. आणि पाणी? हिरवंगार!

अहो, परदेशी निघालेला नवरा बायकोला काय सांगतो? जप स्वतःला, आईकडे बघ, असंच ना काहीतरी? हे दारातून परत फिरले. मला वाटलं, आता बोलतील बाई, आता डोळे भरतील... तर म्हणाले, "सनोबर, गुरामी माशांची जोडी सांभाळ हं. नर जरा तापट आहे." संपलं! गेले!

दर रविवारी फोन. तोंड बघायचा फोन बरं का, पण तोंड कुणाचं? माशांचं! "जरा डावीकडे घे... ते लांब पानाचं झाड दाखव... अगं, तुझा अंगठा येतोय मधे!" माझा अंगठा तरी दिसला म्हणायचा त्यांना. बाकी मी जाडी झाले का वाळले, केस पांढरे झाले का उडाले, कशाचा पत्ता नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं, आणि एके दिवशी मला वाटलं, माझ्या डोळ्यांवर धुकं आलंय. दुसऱ्या दिवशी वाटलं, धुकं जरा हिरवट आहे. मग ती लांब पानाची झाडं गेली... म्हणजे होती तिथेच, पण दिसेनात. मग मासे गेले. मधूनच एक शेपटी काचेजवळ येऊन जायची, बुरख्यातून कुणी नाक काढावं तशी.

मी काय केलं? बादल्या! सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा रांगेनं बादल्या भरायच्या, उभ्या ठेवायच्या, टाकीतलं अर्धं पाणी काढायचं, अंगणात डाळिंबाला घालायचं, नवं ओतायचं. कंबर म्हणजे नुसती मोडून हातात आली हो! पाणी जरा फिकं झालं की मी खूश, आणि दोन दिवसांनी बघते तर आधीपेक्षा दाट! म्हणजे मी शेवाळाला ताजं पाणी पाजत होते म्हणा ना. डाळिंबं मात्र यंदा अशी धरलीत...

मग बाजारात गेले, पक्षी-मासे विकतात तिथे. तो विकणारा कानात काडी घालत म्हणतो, "ओपा, ताई माझी, हे थेंब घाला. रात्रीत काच!" घातले. रात्रीत काय झालं? गोगलगायी उलट्या पडल्या, बारीक पानांची झाडं विरघळली, आणि पाणी? हिरवंगार! वर जरा निळी झाक. पुन्हा गेले तर म्हणतो, "ओपा, जास्त घातले असणार तुम्ही." मी म्हटलं, मेल्या, तूच का नाही उतरत आत!

सासूबाईंचं आपलं वेगळंच. "केलिन," मला सूनबाई म्हणून हाक मारतात त्या, पण मारतात अशी की मीच शेवाळ आहे, "केलिन, नजर लागलीय. त्या शेजारच्या मुकर्रमची. परवा आली होती तेव्हा टाकीकडे बघून 'वाह' म्हणाली, 'माशाल्ला' म्हणाली नाही!" झालं! नजर उतरवायची इसिरिकची वाळकी जुडी पेटवली, टाकीभोवती धूर, माझ्याभोवती धूर, घरभर धूर. मला खोकला, मांजराला खोकला. धूर निवल्यावर आम्ही दोघी डोळे चोळत बघतो... तुम्हीच सांगा काय बघतो.

आणि रविवार काय थांबतो का कुणासाठी? "सनोबर, मासे दाखव." "वीज गेलीय हो." पुढच्या रविवारी, "मासे दाखव." "पुन्हा गेलीय." "मग तुझ्या मागे तो दिवा कसा जळतोय?" अगं बाई... "तो होय, तो... शेजाऱ्यांचा आहे." आमच्या खोलीत शेजाऱ्यांचा दिवा!  आणि हा माणूस दुसरं काही मागतच नाही हो. पैसा पाठवतो, आईची तब्येत विचारतो, मागतो एकच, आणि तेवढंच माझ्याकडे नाही!

त्यात एकदा मी कारखान्यातून लवकर घरी आले, रेशमाचा धागाच आला नव्हता, आणि बघते काय, सासूबाई टाकीवर वाकलेल्या, बाही कोपरापर्यंत वर, आणि मुठीत... पुलाव! गाजरासकट, चरबीसकट! "खा रे माझ्या राजांनो, खा." "ओयिजान, अहो आई!" मी किंचाळले, "काय चाललंय?" "अगं, तू टाकतेस ती चिमूटभर धूळ खाऊन कुणाचं पोट भरतं? माझ्या अस्करचे मासे उपाशी राहतील होय?" रोज! कधी पुलाव, कधी नान-रोटीचा चुरा, ईदला तर हलवासुद्धा! वर ऊन, खाली पुलाव. शेवाळाला आणखी काय हवं? मलाच कुणी असं ठेवलं तर मीसुद्धा हिरवीगार होईन!

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्या हात पुसत म्हणाल्या, "त्याच्या ताटात घास वाढता येत नाही गं मला." मग काय ओरडणार? 

त्या रविवारी मी ठरवलं, लपवाछपवी बास. फोन आला, मी बोललेच नाही, सरळ टाकीसमोर धरला.  मग कुणीतरी म्हणालं, "वहिनी, मासे कुठायत?" हा कोण? मी फोन वळवून बघते तर ह्यांच्या मागे डोकीच डोकी! पलंगावर, पलंगाखालून, दारात, एक तर तोंडात दात घासायचा ब्रश घेऊन! सगळे माझ्या फोनकडे बघतायत. आणि सगळे एकदम सुरू, "वहिनी, मीठ घाला!" "अरे मीठ काय, लोणचं घालायचंय का?" "वहिनी, माझ्या आत्याच्या हौदात असंच झालं होतं, तिनं बदक सोडलं!" "बदक मासे खाईल, गाढवा!" आणि ह्या गलक्यात आमचे हे फोनच्या अगदी जवळ आले. मग हळू म्हणाले, "सनोबर, जिवंत आहेत ना गं?"

"शेपटी दिसते अधूनमधून," मी म्हटलं, आणि मला रडूच आलं. तर हे म्हणतात, "इथे पत्र्याची खोली आहे. खिडकी नाही. रविवारी पोरं अंघोळी करून बसतात, तू टाकी दाखवणार म्हणून." म्हणजे इतके दिवस मी त्या सगळ्यांना शेजाऱ्यांचा दिवा दाखवत होते!

मग कधी नव्हे ते नीट सांगितलं त्यांनी. दिवा बंद. खाणं बंद. टाकी जाड कापडानं पुरती झाकून टाक, उजेडाचा कण जाता कामा नये, बुडबुड्यांचा पंप तेवढा चालू ठेव. चार-पाच दिवस उघडून बघायचं नाही. उजेड नाही तर शेवाळ मरतं, आणि झाडं तेवढी कळ काढतात. एवढं सोपं? एवढं सोपं! मी कंबर मोडून घेतली ती घेतलीच.

जाड कापड म्हणजे घरात काय, तर सासूबाईंचं काळं मखमल. घातलं. पडदे ओढले. आणि सासूबाईंची पुलावबंदी झाल्यामुळे त्या टाकीशेजारी बसून डोळ्यांना डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावायच्या. मी कामावर.

आता ऐका. चौथ्या दिवशी मुकर्रम आली चाळण परत करायला. दारातून बघते तर अंधारी खोली, मधोमध लांबडी पेटी, वर काळं मखमल, आणि म्हातारी हुंदके देत म्हणतेय, "अंधारात पडलंय गं माझ्या अस्करचं सगळं... तोंडात घास नाही लेकरांच्या..." तशीच उलट्या पावली गेली हो ती! चाळण घेऊनच! रशियाहून कामाला गेलेल्या पोरांच्या पेट्या येतात आपल्याकडे, तुम्हाला काय सांगायचं...

संध्याकाळी मी गल्लीत वळले तर आमच्या फाटकात पुरुष उभे, मयताच्या दारी राहतात तसे. झगे घातलेले, कंबरेला रुमाल बांधलेले, डोक्यावर टोप्या. आतून बायकांचा आक्रोश, "वाय, तरणाताठा! वाय, लेकरा!"  कुणालाही काही विचारलं नाही मी. काय विचारणार? भिंतीला धरून खाली बसले आणि असा हंबरडा फोडला की आतल्या बायका क्षणभर थांबल्या! सासूबाई बाहेर आल्या, मला बघितलं, आणि त्याही माझ्या गळ्यात पडून रडायला लागल्या. त्यांना तर अजून कुणी सांगितलंच नव्हतं कोण गेलं ते! सगळे रडतायत तर आपणही रडावं, एवढंच.

आणि माझ्या पिशवीत फोन वाजला. हे!

"सनोबर," आवाज चढलेला, "आपल्या गल्लीतल्या तुर्गुन काकांनी फोन केला होता, मी कसा गेलो विचारत होते. मी म्हटलं, काका, मीच बोलतोय. तर म्हणाले, धीर धर बाळा."

 मी फोन तसाच वर धरला. "जिवंत आहे!" मी ओरडले, "जिवंत आहे हो!" मुकर्रमनं चाळण खाली टाकली. "मग पेटीत कोण आहे?" असं म्हणून तिनंच मखमल ओढलं.

आणि पाणी... बायांनो, पाणी दिसतच नव्हतं! झऱ्यासारखं! झाडं जरा पिवळट पडलेली, पण एक-एक पान मोजून घ्यावं. गुरामी जोडीनं फिरतायत. आणि वर कोपऱ्यात, तरंगत्या पानाखाली बुडबुड्यांचं घरटं, आणि त्याखाली खसखस, डोळे असलेली खसखस! पिल्लं! नर तिथे पहारा देतोय, हलत नाही जागचा. सासूबाई फोनकडे बघून म्हणाल्या, "बघ, बाप असा असतो!" तिकडे कझानला एवढा गलका झाला की फोन खरखरला. कुणीतरी रडत होतं. ब्रशवाला असावा.

मी ताठ उभी राहिले. म्हटलं, आता म्हणतील, शाब्बास सनोबर. सगळी गल्ली ऐकतेय.

ह्यांनी डोळे बारीक करून पिल्लं बघितली. मग म्हणाले, "अगं, पण इतकं स्वच्छ? मग ही पिल्लं खाणार काय? एवढीशी तोंडं त्यांची, ती त्या हिरव्या पाण्यावरच तर जगली इतके दिवस! सनोबर, थोडं हिरवं पाणी कर ना लवकर."

तेव्हापासून खिडकीत पाण्याच्या बरण्या आहेत. छपरावर बरण्या आहेत. उन्हाबरोबर फिरवते त्यांना, चिमूटभर पुलावही घातला... आताही इकडे येताना बघून आले. आरशासारखं आहे मेलं पाणी. माझं तोंड दिसतं त्यात.