येसूची उसण

सावित्राबाई : रंजे, आधी पाय धू.

धम्मदीप : ईसीजी मशीनवरचा हार काढा कुणीतरी, मुंग्या लागल्यात.

रंजना : (फोनवर) लखन, जीप कुठवर आली? मागं गानी कसली वाजत्यात?

सावित्राबाई : तसाच वल्ला पाय दे पाठीवर.

(रविवार दुपार. आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर येसू आडवा, घामानं चिंब. भोवती बायको सावित्राबाई, मुलगी रंजना आणि उपकेंद्राचा अधिकारी धम्मदीप.)

धम्मदीप : मावशी, पाय कशाला?

सावित्राबाई : रंजी पायाळू हाय. जन्मताना पाय आधी आलं हिचं. हिनं पाठीला पाय लावला की उसण जाती. आख्खी वाडी येती हिच्याकडं.

रंजना : आये, ही उसण न्हाई. डावा हात कसा धरलाय बघ.

धम्मदीप : हे हृदयाचं आहे. लाथबीथ मारायची नाही. अंधश्रद्धा आहे ती.

रंजना : आन् सकाळी तुमी गॅसची गोळी दिली, ती काय व्हती?

धम्मदीप : मला शंका आली होती.

रंजना : मग मशीन का न्हाई लावलं?

धम्मदीप : कागद नाही. छातीची पट्टी छापून येते ना, तो रोल. मशीन आलं तेव्हापासूनच नाही.

रंजना : नारळ फोडला, हार घातला, फोटू काढला. फोटूला रोल लागत न्हाई, व्हय?

धम्मदीप : माझ्यावर ओरडू नका. मागून मागून थकलोय मी.

रंजना : मग कुणावर वरडू? हितं दुसरं हाय कोन?

सावित्राबाई : भांडान मागनं कर. ह्यांचं डोळं बघ.

धम्मदीप : येसूभाऊ, ही गोळी चावा. गिळू नका, चावा.

रंजना : कसली?

धम्मदीप : रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

रंजना : सकाळी व्हती?

धम्मदीप : होती.

रंजना : व्हती!

धम्मदीप : डॉक्टरांनी पट्टी बघून सांगितल्याशिवाय द्यायची नाही. आणि त्यांचा फोन सकाळपासून बंद.

रंजना : मग आता कुणी सांगितलं?

धम्मदीप : कुणीच नाही.

रंजना : हॅलो, लखन! अजून तितंच? आरं, हार्न वाजव की! ...आये, त्यो म्हनतो समदेच वाजवत्यात. लोणावळ्याला निघालेली पोरं गाडीच्या टपावर बसून नाचत्यात. रुग्णवाहिका त्याच्याबी मागं हाय.

सावित्राबाई : रंजे, पाय दे. तुझं काय जातंय?

रंजना : म्या पाय दिला आन् आबा गेला, तर वाडी म्हनंल रंजीच्या पायानं गेला. रोलाचं नाव कोन काढनार न्हाई.

धम्मदीप : मी सांगेन.

रंजना : कुणाला?

सावित्राबाई : अवं... अवं, बोला की.

धम्मदीप : बाजूला व्हा. छाती दाबतो. रंजनाताई, मी दमलो की तुम्ही. हातानं, असं.

रंजना : दाबा. दाबा तुमी.

धम्मदीप : आता तुम्ही.

रंजना : आबा. आबा, ए आबा.

धम्मदीप : ताई.

रंजना : थांबू नगा.

धम्मदीप : ताई, हात काढा.

रंजना : ...लखन, सावकाश ये. आता घाई न्हाई.

सावित्राबाई : सकाळी बाजाराला येताना माझी भाजीची पाटी ह्यांनीच डोईवर घेतली व्हती.