अर्धा राहिलेला धवला

भूपेश : नाही, आधी माझं ऐक. मोठी माणसं बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, हे तुला किती वेळा सांगितलंय? शंकरराव आज आपले व्याही होणार. माणूस मांजर्लीवरनं खास आला, चहाचा कप हातात, आणि तुझं मधेच पप्पा पप्पा.

जिज्ञासा : पण मी आधी—

भूपेश : बघ, आत्ताही तेच. समर्थदादाला पोरगी देतायत ते. म्हणतील, त्याच्या काकाच्या घरात पोरांना वळण नाही. शाळेत मॅडमनी काय शिकवलंय?

जिज्ञासा : कोणी बोलत असलं की त्यांच्या मनगटावर हात ठेवायचा आणि गप्प थांबायचं. त्यांनी बघितलं की मग बोलायचं.

भूपेश : मग? ठेवलास हात?

जिज्ञासा : ठेवला होता. तू बघितलाच नाहीस. तू त्यांना बँजो पार्टीचं सांगत होतास.

भूपेश : मग अजून थांबायचं.

जिज्ञासा : काल पण थांबले होते. काल तर तू माझा हात झटकलास.

भूपेश : काल कधी?

जिज्ञासा : दादाच्या हळदीत. आजी धवला गात होती ना, आपलं लग्नातलं गाणं, तेव्हा.

भूपेश : अगं, काल टेन्शन काय होतं माहितीये का? बँजोवाले खोळंबलेले, परमिशन दहापर्यंतची, पाहुणे जेवायचे—

जिज्ञासा : पप्पा, मी बोलतेय.

भूपेश : बरं. बोल.

जिज्ञासा : मला सांगायचं होतं की आजीचं संपलं नाहीये. पण तू माइक घेऊन म्हणालास, आये, बास आता, पोरांना नाचू दे. सगळे हसले. आजी पण हसली थोडी. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

भूपेश : घाम आला असेल.

जिज्ञासा : घाम नव्हता.

भूपेश : आणि आज? व्याह्यांसमोर काय सांगायचं होतं एवढं?

जिज्ञासा : आजी म्हणते, मी लग्नाला यायची नाही, माझा घसा बसलाय. पण नाही बसलेला. मागच्या दारी भाकऱ्या थापताना गात होती, मी ऐकलं.

भूपेश : चल माझ्याबरोबर. आये, ही काय म्हणतेय?

मोतीबाई : काय बोलायची? घसा बसलाय माजा. तुमी जा सगली.

भूपेश : अख्ख्या बदलापूर गावात धवला गाणारी तू एकटी राहिलीस. धवला गाऊन सख्ख्या नातवाचं लग्न लावायचं सोडून घरी बसणार? कालचं मनावर घेतलंस का? अगं, तो बँजोवाला—

जिज्ञासा : पप्पा.

भूपेश : हो. आये, तू बोल.

मोतीबाई : मना राग नाय रं. नाचा, पोरांची हौस हाय. पन हलदीच्या धवल्यात आधी देवांना बोलवतात. एकवीरा आयला, खंडोबाला, गावदेवीला. मंग घरातल्या गेलेल्या मानसांना. एकेकाचा नाव घेऊन, या रं, तुमच्या दारात हलद लागली. तुजा आजा झाला, चुलता झाला. तुज्या बापावर आलू, तवर तू बास बोललास.

भूपेश : बाबांचं नाव राहिलं?

जिज्ञासा : जनू आजोबांचं?

मोतीबाई : त्यांचाच. एरवी मी त्यांचा नाव घेतं का? जित्ते व्हते तवा नाय घेतला, गेल्यावर नाय घेतला. घरात लगीन असला की धवल्यात तेवढा घेतं. नातवाच्या हलदीला सगल्यांना आवतान गेला, एक त्यांनाच नाय. मंग मी कुठल्या तोंडाना मांडवात जाऊ?

भूपेश : मला कळलं नाही गं. माइक हातात होता, लोक हसले, मला वाटलं आपण लई भारी बोललो. आणि सकाळपासनं या पोरीला वळण शिकवतोय. लाज वाटते, आये.

मोतीबाई : वाटू दे जरा.

भूपेश : आत्ता घेशील का? इथंच, चुलीपाशी?

मोतीबाई : मधून जोडता येत नाय तो. पयल्यापासना घ्यावा लागंल. येल जाईल, आनी तुला मांडवाची घाई.

भूपेश : जाऊ दे वेळ.

मोतीबाई : मंग माजा हात कशाला धरलास?

जिज्ञासा : आजी, धरला नाही. ठेवलाय. म्हणजे तो आता गप्प थांबणार.

मोतीबाई : असा हाय का? बरा. ती तव्यावरची भाकर उतरव बाय, करपंल.

(मोतीबाई गाऊ लागते. देव होतात, आजा होतो, चुलता होतो. जिज्ञासा बापाच्या दुसऱ्या मनगटावर हात ठेवून उभी राहते.)

भूपेश : दिसला तुझा हात. हळू बोल.

जिज्ञासा : मोठ्या काकांचा फोन वाजतोय. विचारतील, कुठं अडकलात.

भूपेश : उचल. सांग, बाबांना बोलावणं चाललंय, त्यांना घेऊनच येतो.