पासवर्ड बरोबर होता हो!

...अहो पण पासवर्ड बरोबर होता, तुम्हाला सांगतो! आमच्या देविकाने लॅपटॉपवर डेटाबेस बसवला, पासवर्ड स्वतः ठेवला, सकाळी, माझ्यासमोर! आणि तोच डेटाबेस तिलाच म्हणतो, पासवर्ड चुकीचा आहे! म्हणजे घर आपणच बांधायचं आणि आपल्यालाच आत घेणार नाहीत!

आता तुम्ही म्हणाल, सुधन्वा, एवढं काय त्यात? अहो, होतं ना एवढं! शिवांगी झाली तेव्हा देविकाने नोकरी सोडली, मग माझी दिल्लीला बदली, हे लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर, पोरीची शाळा... आणि इतक्या वर्षांनी नोएडाच्या एका कंपनीने तिला घेतलं, तेही आधी महिनाभर बघू म्हणून! दुपारी तिच्या टीम लीडरला, त्या अंशुमनला, प्रोग्राम चालवून दाखवायचा. प्रोग्राम तयार! पण त्याला सगळी माहिती डेटाबेसमधून लागते, आणि डेटाबेस काय म्हणतो? पासवर्ड चुकीचा आहे!

तिने पुण्याला आपल्या भावाला फोन लावला, जयेशला, तो आयटीतला. "ताई, अगं सोप्पंय, काढून टाक आणि परत बसव!" काढला. बसवला. नवा पासवर्ड, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत! ...पासवर्ड चुकीचा आहे! शिवांगी शाळेतून आली, "मम्मा, चिल यार, हो जाएगा!" मी नेमका रजेवर, आणि पडलो सरकारी माणूस, म्हटलं, "पुढची तारीख मागून घे." तिने माझ्याकडे असं काही बघितलं... मी गपचूप चहा टाकायला गेलो.

कप घेऊन आलो तर डोळे भरलेले. "मला नाही रे जमत आता. सगळी पंचविशीतली पोरं तिथे. मी कशाला गेले त्यांच्यात?" बसलो शेजारी. एक घोट घेऊन ती स्वतःशीच म्हणाली, "थांब... पण मला नाही म्हणतोय तो कोण?"

आणि बघते तर काय, लॅपटॉपवर डेटाबेस दोन! एक आजचा. दुसरा जुना, शिवांगी पहिलीत असताना हिने एकटीने शिकायला म्हणून बसवलेला, आणि साफ विसरलेली! नेहमीचा दाराचा नंबर, पोर्ट म्हणतात त्याला, तो जुन्याने अडवलेला, म्हणून नवा बिचारा शेजारच्या नंबरवर. ही मघापासून जुन्याचं दार ठोठावतेय आणि पासवर्ड सांगतेय नव्याचा! तो कसा घेईल आत? त्याचं बिलकूल बरोबर होतं!

तिने प्रोग्राममध्ये दाराच्या नंबरातला एक आकडा बदलला. एकच! ...आणि प्रोग्राम पळायला लागला हो!

अंशुमनचा कॉल आला. मी दाराआड. तिने सगळं चालवून दाखवलं, दोन दारांचा घोळही सांगून टाकला. मग तो हळूच म्हणाला, "मैम... मेरे नए लैपटॉप पर भी परसों से कनेक्ट नहीं हो रहा. शरम के मारे किसी को बोला नहीं. आप ज़रा देख लेंगी?"

नोकरी पक्की झाली. आता अख्खी टीम हिलाच फोन करते, आणि स्वयंपाकघर माझ्याकडे. परवा भात लावला. ओरडलो, "देविका, होत नाहीये गं!" कानातला हेडफोनसुद्धा न काढता ती म्हणाली, "नुसतं होत नाहीये म्हणू नकोस, काय दिसतंय ते नीट सांग."

काय सांगणार... काळं दिसतंय!